कर्णा, पेटी आणि खोली

चित्रपट घरबसल्या पाहण्याची सोय झाल्यापासून मध्यम स्थितींतील कुटुंबांत एक प्रसंग वारंवार घडतो. सणासुदीला ‘होम थिएटर’ या नांवाचा एक संच घरीं येतो. दोन लहान ध्वनिक्षेपक, खर्जाच्या स्वरांसाठीं एक मोठी पेटी आणि त्या सर्वांना शक्ति पुरविणारा एक ध्वनिवर्धक, एवढा त्याचा परिवार असतो. पहिला महिना कौतुकांत जातो. पुढें हळूहळू ध्यानांत येतें कीं, चित्रपटांतील तोफ उडाली म्हणजे खिडक्यांचीं तावदानें खणखणतात, पण नायिका काय बोलली तें घरांतील आजोबांना मुळींच कळत नाहीं. तबला घुमतो, परंतु त्याचे बोल उमटत नाहींत. गृहस्थ दुकानदाराकडे जातो. दुकानदार अधिक वॉटांचा आणि अर्थातच अधिक किंमतीचा संच पुढें करतो. आणि गृहस्थ महिन्याच्या जमाखर्चाचा विचार करून रिकाम्या हातीं परततो.

ध्वनि उत्तम हवा, पण पदरीं पैसा थोडा, ही अडचण आजकालची नाहीं. ती निदान दोन हजार वर्षांची आहे, आणि तिच्यांतून वाट काढणाऱ्यांची परंपराहि तितकीच जुनी आहे. या परंपरेचा इतिहास पाहूं लागलें असतां एक गोष्ट पुनःपुन्हां प्रत्ययास येते. घरगुती ध्वनींत ज्या मोठ्या सुधारणा झाल्या, त्यांतील फारच थोड्या अधिक शक्ति विकत घेऊन झाल्या. कर्ण्यामागची पेटी, पेटीभोंवतालची खोली आणि ऐकणाराचा कान या तिहींचें मर्म ज्यांनीं ओळखलें, त्यांनीं त्या घडवून आणल्या.

ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत व्हिट्रुव्हियस नांवाचा एक रोमन वास्तुशास्त्रज्ञ होऊन गेला. वास्तुकलेवरील त्याचा दहा भागांचा ग्रंथ आज उपलब्ध आहे. त्याच्या पांचव्या भागांत नाट्यगृहाचा विचार करतांना तो सांगतो कीं, प्रेक्षकांच्या आसनांमध्यें कोनाडे ठेवून त्यांत कांशाचीं भांडीं उपडीं बसवावींत. प्रत्येक भांडें ठराविक स्वरांत मिळविलेलें असावें. म्हणजे रंगभूमीवरून निघालेला शब्द त्यांना स्पर्श करून अधिक स्पष्ट होईल. कॉरिंथ नगर उद्ध्वस्त करणाऱ्या मुम्मियस या सेनापतीनें तेथील नाट्यगृहांतलीं अशीं भांडीं रोमला नेऊन चंद्रदेवतेच्या मंदिरांत अर्पण केलीं, असेंहि तो नमूद करतो. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ज्या लहान गांवांना कांशाचा खर्च झेपत नसे, तेथील हुषार कारागिरांनीं त्याच नादाचीं मातीचीं भांडीं निवडून बसविलीं आणि त्यांचाहि चांगला उपयोग झाला, अशी नोंद त्यानें केली आहे. कुंभाराच्या आव्यापाशीं बसून भांडीं वाजवून पारखणारा तो अनाम कारागीर आजच्या काटकसरी गृहस्थाचा मूळपुरुष मानावयास हरकत नाहीं.

या भांड्यांचा प्रत्यक्ष परिणाम किती होत असेल याविषयीं आधुनिक शास्त्रज्ञ साशंक आहेत. तथापि पात्रांत कोंडलेल्या हवेला स्वतःचा एक स्वर असतो, हें तत्त्व निर्विवाद होय. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें १८६३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत त्याचें सोपपत्तिक विवेचन केलें. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असतां जो घुमारा निघतो, तो याच स्वराचा. महाराष्ट्रालाहि या गोष्टींत नवल वाटण्याचें कारण नाहीं. मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठीं पंढरपूरच्या बाजूचा भोपळा किती पारखून घेतात, हें प्रसिद्धच आहे. नुसती तार ताणून छेडली तर तिचा आवाज शेजारच्याहि कानीं पडत नाहीं; तीच तार भोपळ्यावर चढविली कीं दिवाणखाना भरून जातो. तार तीच, बोट तेंच, जोरहि तोच. भेद पडतो तो तारेला मिळालेल्या सोबतीनें.

यंत्रांतून निघणाऱ्या ध्वनीचा इतिहास एडिसननें १८७७ सालीं आपलें ध्वनिलेखनयंत्र तयार केलें तेव्हांपासून सुरू होतो. त्या काळीं विजेनें ध्वनि वाढविण्याची कला अवगत नव्हती. सुईच्या टोंकाशीं होणारें सूक्ष्म कंपन खोलीभर पोंचविण्याचा सारा भार कर्ण्यावर असे. १९०६ सालीं अमेरिकेंतील व्हिक्टर कंपनीनें हा कर्णा पेटीच्या पोटांत दडविला आणि त्यापुढें लहान दारें बसविलीं. दारें उघडलीं कीं आवाज मोठा, लोटलीं कीं लहान. जाड सुईनें आवाज भरदार येई, बारीक सुईनें कोमल येई. बांबूच्या सुईनें ध्वनिमुद्रिकेची झीज कमी होई. नवें यंत्र घेण्याची ऐपत नसलेला रसिक सुयांची एक डबी बदलून आपल्या जुन्या यंत्राचा स्वभाव पालटीत असे. घरगुती ध्वनिसुधारणेचा हा पहिला स्वस्त मार्ग म्हणावा लागेल.

पुढें नभोवाणी आली. मुंबईचें केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनें २३ जुलै १९२७ रोजीं सुरू केलें. आरंभींचे बरेच श्रोते कानाला श्रवणयंत्र लावून कार्यक्रम ऐकत. पाश्चात्य देशांत अनेक कुटुंबांनीं यावर एक युक्ति काढली होती. श्रवणयंत्र एका रिकाम्या वाडग्यांत ठेवावयाचें आणि सर्वांनीं त्याभोंवतीं बसावयाचें. वाडग्याच्या योगानें आवाज एका बाजूस एकवटे आणि एकाच्या खर्चांत चौघांचें ऐकणें होई.

याच सुमारास आधुनिक ध्वनिक्षेपकाचा जन्म झाला. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनींत काम करणाऱ्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोघांनीं १९२५ सालीं आपला शोध प्रसिद्ध केला. चुंबकाच्या फटींत हलणारें तारेचें वेटोळें आणि त्याला जोडलेला कागदी शंकु, ही त्यांची रचना. आजच्या बहुसंख्य घरगुती ध्वनिक्षेपकांचा सांगाडा मूलतः हाच आहे. परंतु या शंकूची एक खोड होती. तो पुढें सरकला कीं पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं मागची विरळ होते. खर्जाच्या लहरी लांब असल्यामुळें त्या शंकूच्या कडेस सहज वळसा घालतात. मागची लहर पुढचीस येऊन मिळते आणि दोन्ही एकमेकींस नाहींशा करतात. उपाय मात्र अगदीं साधा होता. एका रुंद फळीस भोंक पाडून त्यांत शंकु बसविला कीं पुढचा व मागचा मार्ग तुटतो आणि हरवलेला खर्ज परत येतो. सुताराकडून एक फळी कापून आणणें, एवढाच त्याचा खर्च.

फळीनंतर पेटी आली. बेल प्रयोगशाळेंतील आल्बर्ट थुरास यानें १९३० सालीं एका नव्या पेटीसाठीं अर्ज केला व १९३२ सालीं त्याला एकस्व मिळालें. शंकूच्या मागील लहरीला कोंडून न ठेवतां पेटीस एक छिद्र ठेवून तिला बाहेर येऊं द्यावें, आणि तें छिद्र व पेटींतील हवा यांचा मेळ असा घालावा कीं, ठराविक खर्ज स्वरांच्या वेळीं ती पुढच्या लहरीस साहाय्य करील, ही त्याची कल्पना. व्हिट्रुव्हियसचें भांडें येथें पुन्हां अवतरलें. आजच्या खर्जपेटीस जें वाटोळें छिद्र दिसतें, तें याच कल्पनेचें अपत्य होय. मुलें त्यांत बोळे कोंबतात आणि मोठी माणसें तें निरुपयोगी समजतात. वस्तुतः त्या छिद्राची लांबी-रुंदी मोजूनमापून ठरविलेली असते. १९५४ सालीं एडगर व्हिल्चर यानें याच्या उलट मार्ग धरला. त्यानें पेटी पूर्ण बंद केली आणि आंतील हवेकडूनच स्प्रिंगचें काम करून घेतलें. कपाटाएवढ्या पेटीवांचून खर्ज निघत नाहीं ही समजूत त्यामुळें दूर झाली आणि लहान घरांचा मोठा लाभ झाला. १९६१ सालीं ऑस्ट्रेलियांतील नेव्हिल थील यानें छिद्राच्या पेटीचें गणित मांडलें. पुढें रिचर्ड स्मॉल यानें तें विस्तारिलें. तेव्हांपासून पेटी बनविणें ही नशिबाची गोष्ट राहिली नाहीं. कागद-पेन्सिल असलेल्या कोणासहि ती साध्य झाली.

पेटीच्या भिंतीहि गप्प असाव्या लागतात. त्या थरथरूं लागल्या कीं स्वर गढूळ होतो. इंग्लंडांतील गिल्बर्ट ब्रिग्ज या गृहस्थानें १९३२ सालीं व्हार्फडेल ही ध्वनिक्षेपकांची कंपनी काढली. १९४८ सालीं त्यानें सामान्य वाचकांसाठीं ध्वनिक्षेपकांवर एक छोटें पुस्तक लिहून प्रसिद्ध केलें. दोन पातळ फळ्यांमध्यें कोरडी वाळू भरली तर ती थरथर पार शोषून घेते, या उपायाचा त्यानें मोठा पुरस्कार केला. वाळूला किंमत ती काय! आपल्याकडे टेपरेकॉर्डरचा प्रसार झाला त्या काळांत गांवोगांवच्या चहाच्या दुकानांतून आणि घरांतून नुसता शंकु विकत आणून तो पाण्याच्या माठाच्या तोंडावर बसविण्याची चाल पडली होती. माठाच्या वाटोळ्या, जाड भिंती सहसा थरथरत नाहींत आणि त्याच्या पोटांतील हवा खर्जाला भर देते. त्या दुकानदारांनीं थुरासचें नांव ऐकलें नसेल. पण रोमन खेड्यांतील कारागिराची वाट त्यांना आपोआप सांपडली होती.

पेटीची कथा येथवर झाली. परंतु उत्तम पेटीचाहि घात करणारी एक वस्तु आहे, ती म्हणजे खोली. या विषयाचें शास्त्र एका फसलेल्या सभागृहांतून जन्मास आलें. १८९५ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत फॉग कलासंग्रहालयाचें नवें व्याख्यानगृह बांधून तयार झालें; परंतु तेथें वक्त्याचें एक अक्षर कळेना. एकदां उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही आणि तेवढ्या अवकाशांत पुढचे दहा-पंधरा शब्द त्यावर येऊन आदळत. हा दोष दूर करण्याचें काम वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आलें. त्याच्यापाशीं साधनें होतीं तीं एक ऑर्गनची नळी, एक घड्याळ आणि स्वतःचे कान. रस्त्यावरची रहदारी थांबल्यावर मध्यरात्रीं तो कामास लागे. जवळच्या सँडर्स नाट्यगृहांतील आसनांच्या गाद्या सहकाऱ्यांच्या मदतीनें उचलून आणावयाच्या, त्या सभागृहांत पसरावयाच्या, नळी वाजवून नाद किती वेळानें विरतो तें मोजावयाचें, आणि सकाळ होण्यापूर्वीं गाद्या पुन्हां जागच्या जागीं नेऊन ठेवावयाच्या, असा त्याचा क्रम होता. गाद्या वाढल्या कीं घुमारा कमी होई. याच मोजमापांतून त्यानें खोलीचें घनफळ आणि तिच्यांतील शोषक पदार्थ यांवरून घुमाऱ्याचा काळ काढण्याचें सूत्र बसविलें. बोस्टनचें प्रख्यात सिंफनी सभागृह १९०० सालीं उघडलें, तें याच सूत्राच्या आधारें रचलेलें होतें.

आजच्या घराकडे या दृष्टीनें पाहावें. गुळगुळीत फरशी, गिलावा केलेल्या भिंती, कांचेच्या खिडक्या आणि मोजकें सामान, म्हणजे फॉग सभागृहाची लहानशी प्रतिकृतीच. भाषेंतील व्यंजनें क्षणिक व दुबळीं असतात. स्वर त्यामानानें सबळ व रेंगाळणारे. खोली घुमूं लागली कीं मागल्या अक्षराच्या स्वराखालीं पुढलें व्यंजन बुडतें. आजोबांना नायिकेचें बोलणें न कळण्याचें एक मोठें कारण हेंच आहे. येथें वॉट वाढविले तर शब्दाबरोबर घुमाराहि वाढतो आणि दुखणें होतें तेथेंच राहतें. जमिनीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा, समोरच्या भिंतीशीं पुस्तकांची मांडणी, बसावयास गादी, हा उपचार सॅबाइनच्या गाद्यांचाच होय. आणि तो बहुतेक घरांत असलेल्या सामानांतूनच करतां येतो.

खर्जाची तऱ्हा निराळी आहे. त्याला सतरंजी आवरूं शकत नाहीं. पॉल क्लिप्श या अमेरिकन शोधकानें १९४० नंतरच्या दशकांत खोलीच्या कोंपऱ्यांतील दोन भिंतींचाच कर्ण्यासारखा उपयोग करून घेणारा ध्वनिक्षेपक तयार केला. कोंपऱ्यांत ठेवलेल्या पेटीचा खर्ज वाढतो, हा त्यांतील धडा. जेथें खर्ज अपुरा आहे तेथें पेटी कोंपऱ्याकडे सरकवावी आणि जेथें तो अति झाला आहे तेथें बाहेर ओढावी, हें त्याचें फुकट मिळणारें फळ. याहून गमतीची युक्ति एका जुन्या सिद्धांतांतून निघाली आहे. ध्वनीचा उगम आणि ऐकणारा यांनीं जागांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो, असें अन्योन्यतेचें तत्त्व लॉर्ड रॅले यांच्या १८७७-७८ च्या ग्रंथांत विवेचिलेलें आहे. त्याला अनुसरून खर्जपेटी क्षणभर आपल्या बसण्याच्या जागीं ठेवावी आणि आपण भिंतींच्या कडेनें रांगत फिरावें. जेथें खर्ज एकसारखा ऐकूं येईल तेथें ती पेटी नेऊन ठेवावी. घरचा कर्ता पुरुष जमिनीवर रांगतांना पाहून मुलें हंसतील खरीं. पण नव्या पेटीची किंमत वाचत असेल तर हें हंसूं महाग म्हणतां येणार नाहीं.

आतां कानाविषयीं. ज्या वॉटांवर दुकानदाराचा एवढा भर असतो, त्यांचा हिशेब कान फार निराळ्या रीतीनें करतो. शक्ति दुप्पट केली असतां आवाज दुप्पट वाटत नाहीं. थोडासाच वाढल्यासारखा भासतो. तो दुप्पट वाटावा असें असेल तर शक्ति सुमारें दसपट करावी लागते. म्हणून पन्नास वॉटांच्या जागीं शंभर वॉट आणणें हा फार थोड्या लाभाचा सौदा आहे. बेल प्रयोगशाळेंतील फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं आणखी एक गोष्ट दाखवून दिली. आवाज लहान केला कीं कानाला खर्ज इतर स्वरांच्या मानानें फारच कमी ऐकूं येतो. रात्रीं शेजाऱ्यांच्या भीतीनें आवाज कमी करणारास संच पांगळा वाटतो तो यामुळें. दोष यंत्राचा नसून मनुष्याच्या कानाचा आहे, हें कळलें तरी पुष्कळ खर्च वाचेल.

शेवटचा प्रश्न ध्वनिक्षेपकांच्या संख्येचा. इंग्रज अभियंता अ‍ॅलन ब्लमलाइन हा पत्नीसह बोलपट पाहण्यास गेला असतां नट पडद्यावर एका बाजूस आणि त्याचा आवाज भलत्याच ठिकाणीं, हें त्याला खटकलें, अशी आख्यायिका आहे. १९३१ च्या डिसेंबरांत त्यानें दोन ध्वनिक्षेपकांनीं दिशेचा भास उत्पन्न करण्याच्या पद्धतीसाठीं अर्ज दाखल केला. त्याच वर्षाच्या मार्चांत मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहांत ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट झळकला होता. १९३३ सालीं बेल प्रयोगशाळेनें फिलाडेल्फिया येथील वाद्यवृंद वॉशिंग्टनच्या श्रोत्यांना तीन स्वतंत्र मार्गांनीं ऐकविला आणि मधल्या ध्वनिक्षेपकाचें महत्त्व सिद्ध केलें. मध्यभागीं न बसलेल्या श्रोत्यालाहि मधला आवाज मधूनच यावा, यासाठीं तो लागतो. चित्रपटांतील संभाषण बहुधा याच मधल्या मार्गानें येतें; म्हणून अगदीं एकच नवी वस्तु घेणें शक्य असेल आणि ध्वनिवर्धकांत तिची सोय असेल, तर मधला ध्वनिक्षेपक घेणें शहाणपणाचें ठरतें.

सभोंवार ध्वनि पसरविण्याचा पहिला मोठा प्रयोग डिस्नेच्या ‘फँटेसिया’ या चित्रपटासाठीं १९४० सालीं झाला; पण त्याची सामग्री इतकी महाग होती कीं थोड्याच चित्रपटगृहांना ती बसवितां आली. जें श्रीमंतांच्या पैशानें टिकलें नाहीं तें पुढें एका तारेच्या तुकड्यानें घरांत आणलें. १९७० च्या सुमारास अमेरिकेंतील डेव्हिड हॅफलर यानें एक युक्ति प्रसृत केली. डाव्या व उजव्या मार्गांतील ध्वनींत जो फरक असतो, त्यांत सभागृहाचा घुमारा पुष्कळ असतो. दोन जुने ध्वनिक्षेपक त्या दोन मार्गांच्या दरम्यान जोडून श्रोत्याच्या मागें ठेवले कीं, हा फरक तेवढा मागून ऐकूं येतो. नवा ध्वनिवर्धक नको, नवी ध्वनिमुद्रिका नको. आजच्या अनेक ध्वनिवर्धकांची अंतर्रचना निराळी असल्यामुळें त्यांवर हा प्रयोग केल्यास तीं यंत्रें बिघडण्याचा संभव आहे. म्हणून तो आतां आंधळेपणानें करूं नये. तथापि फरकाच्या याच कल्पनेला बारीक विलंबाची जोड देऊन १९८२ सालीं डॉल्बी सराउंड ही पद्धति घरोघर आली. जर्मनींतील हेल्मुट हास यानें १९४९ सालीं दाखविलें होतें कीं, जो आवाज प्रथम पोंचतो त्याचीच दिशा कानाला जाणवते. पाठोपाठ येणारा त्यांत मिसळून जातो. म्हणून मागचा ध्वनि किंचित् उशिरां सोडतात. १९८७ सालीं प्रो लॉजिकनें मधला मार्ग घरीं आणला आणि १९९२ पासून चित्रपटगृहांत अंकीय पद्धतीनें पांच मार्ग व एक खर्जाचा मार्ग रूढ होऊं लागले. तेंच पुढें घरांत उतरलें.

हा सर्व इतिहास त्या रिकाम्या हातीं परतलेल्या गृहस्थास काय सांगतो? प्रथम खोली, मग जागा, मग पेटी आणि सर्वांत शेवटीं शक्ति, असा खर्चाचा क्रम तो सांगतो. यांतील पहिल्या दोहोंना बहुधा पैसा लागतच नाहीं. एक रविवार मात्र खर्ची पडतो. सतरंजी अंथरावी, पडदा सोडावा, लहान ध्वनिक्षेपक कपाटाच्या माथ्यावरून काढून बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीवर आणावे, खर्ज थोडा उतरवावा, आणि मग आजोबांना मधल्या जागीं बसवून विचारावें, आतां ऐकूं येतें का? त्यांनीं मान डोलविली तर समजावें कीं, कुंभाराच्या आव्यापाशीं भांडीं वाजवून पाहणाऱ्या त्या जुन्या कारागिराची विद्या अद्याप लोपलेली नाहीं.